लयीला पक्का हात : गिटारच्या विद्यार्थ्यास पत्र



गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला बोटांचा वेग, अवघड कॉर्ड आणि सुसाट ताना यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जाणकार ज्या वादनाला मान देतात, त्यात प्रत्येक स्वर आपल्या वेळेला उमटतो आणि आपल्या वेळेला थांबतो, ही गोष्ट त्याने आरंभीच मनावर घेतली पाहिजे. एखादा चुकीचा स्वर क्षणात विरतो आणि पुढचा बरोबर स्वर त्याची भरपाई करतो. लय मात्र एकदा ढळली की बरोबर स्वरही भलत्या जागी पडू लागतात, आणि साथीला बसलेल्यांचा वादकावरचा भरवसा उडतो.

मात्रांची समान अंतराने चालणारी गती म्हणजे लय, त्या मात्रांची ठरावीक गटांत केलेली आणि पुनःपुन्हा फिरून येणारी बांधणी म्हणजे ताल, आणि त्या बांधणीत एखादा स्वर नेमका कोठे ठेवायचा याची जाण म्हणजे वादक ज्याला टायमिंग म्हणतात ते. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत एक मात्रा एक सेकंदाची असते आणि तिचे चार भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव सेकंद येतो. लय 120 वर नेली की हेच अंतर सेकंदाच्या आठव्या भागावर येते. असे असूनही संथ लय सांभाळणे बहुतेकांना अधिक जड जाते, कारण दोन मात्रांमधली जागा मोठी असली की हात पुढे पळतो, आणि ती जागा मनातल्या मनात भरून काढण्याची सवय नसेल तर पुढची मात्रा अंदाजाने पडते.

उजव्या हाताने वाजवणाऱ्या वादकाच्या बाबतीत लयीची जबाबदारी मुख्यतः उजव्या हातावर असते. चार मात्रांच्या साध्या स्ट्रमिंगमध्ये मात्रेवर हात खाली येतो आणि दोन मात्रांच्या मध्यावर वर जातो. एखादा आघात गाळायचा असला तरी हाताची ही ये-जा चालूच राहावी लागते, फक्त त्या वेळी पिक तारांना न लागता त्यांच्यावरून निघून जाते. नवशिक्या विद्यार्थी आघात गाळताना हातच थांबवतो आणि पुढचा आघात नव्याने सुरू करतो, तेथेच लयीला पहिला तडा जातो. कॉर्ड बदलतानाही हेच घडते : डावा हात नव्या जागी पोहोचेपर्यंत उजवा हात वाट पाहत थांबतो. अशा वेळी उजव्या हाताने कोणासाठीही थांबू नये. डावा हात उशिरा पोहोचला तर दबलेल्या तारांचा बोदा आवाज आला तरी चालेल, परंतु मात्रा चुकता कामा नये.

या शिस्तीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन (1911–1987). ते 1937 मध्ये काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि मधला अल्पकाळ सोडता मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, तेथेच वाजवत राहिले. त्यांनी एकल वादन क्वचितच केले. विजेवर न चालणारी गिटार घेऊन मोठ्या पितळी वाद्यांच्या मेळ्यात ते प्रत्येक आवर्तनाच्या चारही मात्रांवर एकेक आघात देत. डाव्या हाताची बोटे कॉर्ड उमटताच किंचित सैल होत, त्यामुळे तो आवाज लांबत न जाता लगेच मिटे आणि पुढच्या मात्रेसाठी जागा मोकळी राही. वॉल्टर पेज यांचा बास आणि जो जोन्स यांचे ड्रम यांच्याशी तो आघात असा मिसळून जाई की गिटार वेगळी ऐकू येण्यापेक्षा सगळा वाद्यवृंदच एका चालीने चालल्यासारखा वाटे. स्वर कोठे संपवायचा हाही लयीचाच भाग आहे, हे त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकण्यासारखे आहे.

स्पेनमधील फ्लामेंकोत याच शिस्तीचे निराळे रूप दिसते. तेथील आवर्तनाला कंपास म्हणतात. सोलेआ या प्रकारात ते बारा मात्रांचे असून 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर वजन पडते. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे आणि सम पहिल्या मात्रेवर. म्हणून केवळ मात्रा मोजता आल्या म्हणजे ताल कळला असे होत नाही, वजन कोठे पडते ते अंगात मुरावे लागते. गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांनी 1970 च्या दशकात मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा संच उभा केला, तेव्हा त्यांच्या वेगवान गिटारलाही तबला आणि घटम यांच्या हिशेबात राहूनच समेवर यावे लागे.

अभ्यासाची रीत साधी आहे, पण ती नेटाने पाळली पाहिजे. आधी मात्रांचे ठोके देणारा मेट्रोनोम 60 वर लावून एकच कॉर्ड वाजवावी, मात्रा तोंडाने मोजाव्यात आणि पायाने ठेका धरावा. मग दुप्पट, मग चौपट आघात करून पुन्हा बराबरच्या लयीत परतावे. ते जमले की मेट्रोनोम 50 वर आणून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आहे असे मानावे. प्रत्यक्ष लय तेव्हा 100 होते, आणि पहिली व तिसरी मात्रा विद्यार्थ्याला स्वतःच्या आधारावर पेलावी लागते. आपले वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे, कारण वाजवताना लक्षात न आलेली घाई नंतर स्पष्ट ऐकू येते. जो तुकडा लयीत बसत नाही तो लय कमी करून बसवावा, वेगाने रेटू नये. मेट्रोनोम हा केवळ पारखणारा आहे, हेही ध्यानात असावे. अखेर लय साथीदारांच्या संगतीतच पक्की होते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तबला, ड्रम किंवा गाणाऱ्या गळ्याबरोबर बसावे आणि स्वतःपेक्षा त्यांचे वादन अधिक ऐकावे.

वेग सरावाने येतोच, आणि तो थोडा उशिरा आला तरी काही बिघडत नाही. लय मात्र पहिल्या दिवसापासून जोपासली नाही तर पुढे चुकीची सवय मोडण्यात वर्षे जातात. यासाठी विद्यार्थ्याने रोजच्या रियाजाचा पहिला वेळ लयीला द्यावा, आणि ज्याच्या साथीला बसल्यावर इतरांना निश्चिंतपणे वाजवता येते असा वादक होण्याची आस धरावी.