आधी फरशीकडे बघ

मिरज

चि. मनू हिस,


शेडकार्डाचे फोटो मिळाले. फिक्या चौकोनांची ती रांग, त्यांतल्या निम्म्यांवर तुझ्या खुणा आणि खाली प्रश्न : “आत्या, यातला सगळ्यांत सेफ कुठला?” फोनवर सांगितलं असतं तर तू “हो हो” म्हणून विसरली असतीस, म्हणून सविस्तर लिहिते. जावईबुवांनाही वाचायला दे. त्यांच्या हट्टाचा समाचार पुढे घेतला आहे.

फोटोवरून रंग मुळीच ठरवू नकोस. फोनचा कॅमेरा पांढऱ्यातला पिवळेपणा किंवा निळेपणा स्वतःच्या मनाने दुरुस्त करून टाकतो, आणि नेमकं तेच आपल्याला बघायचं असतं. तू सेफ म्हणून निवडलेले सगळे रंग फिके आहेत, पण सारखेपणा तेवढाच. शेजारी-शेजारी बघितलं तर फोटोतही दिसतं : एक गुलाबीकडे झुकतो, दोन पिवळ्याकडे, एकात हिरवट झाक आहे, आणि ज्याला तू ‘साधा ग्रे’ म्हणतेस तो चांगलाच निळा आहे. कार्डावरच्या छोट्या चौकोनात हे सहज कळत नाही, पण चार भिंतींवर चढलं की लपत नाही. हा कल ओळखायचा असेल तर त्याच पट्टीवरचा सगळ्यांत गडद चौकोन बघ. वरच्या फिक्या रंगात जे दबून असतं ते तिथे उघडं पडतं. गडद चौकोन जांभळट दिसला, तर वरचा मोतिया रंगही संध्याकाळी जांभळा दिसणार हे धरून चाल.

माझ्या आजोळी दरवर्षी दिवाळीआधी चुना व्हायचा. बाहेरच्या भिंतींच्या चुन्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरा अधिक पांढरा दिसावा, आणि माजघराच्या चुन्यात थोडी पिवडी. माजघरात उजेड कमी, फरशी काळी शहाबादी; तिथे निळीचा चुना मेल्यासारखा दिसला असता. शेडकार्ड कुणाकडे नव्हतं, पण कुठल्या खोलीला कुठला पांढरा हे आजीला बरोबर ठाऊक होतं. आज दुकानातलं मशीन तेच करतं. पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब मोजून सोडतं आणि त्या मिश्रणाला कंपनी एक गोड नाव आणि एक नंबर देते. नावावर जाऊ नकोस, नंबर लक्षात ठेव.

आता तुम्ही घेतलेल्या घराकडे येते. इमारत जुनी, फरशी पिवळसर मोझेकची, तपकिरी-लाल खड्यांची. ती तुम्ही बदलणार नाही, तेवढे पैसे नाहीत, आणि खरं सांगायचं तर असं मोझेक आता सहज कुणी घालून देत नाही, तेव्हा पॉलिश करून घ्या आणि मिरवा. स्वयंपाकघराचा ओटा काळा, दारांच्या चौकटी तपकिरी. म्हणजे घरातले मोठे रंग आधीच ठरलेले आहेत. भिंतीचा रंग त्यांच्याशी जुळायला हवा, शेडकार्डाशी नव्हे. शेडकार्ड घरी नेऊन थेट फरशीवर आडवं ठेव. निम्मे चौकोन तिथेच बाद होतील.

हे असं का होतं, ते मी वर्गात फ्रान्समधल्या शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगून समजावत असे. पॅरिसच्या गोबलँ या विणकामशाळेत तो रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, त्याला दम नाही, अशा तक्रारी आल्या. त्याने तपासलं तर रंगाईत काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेले धागे त्या काळ्याला दुबळं करत होते. त्यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं की शेजारच्या रंगाच्या विरुद्ध रंगाची छटा डोळा स्वतःच भरतो. पिवळ्याचा विरुद्ध जांभळट निळा. तेव्हा तुझ्या पिवळसर फरशीवर तो थंड ग्रे उभा केलास, तर कार्डावर होता त्यापेक्षा निळा दिसेल आणि फरशी जुनाट, मळकी वाटू लागेल. तुमच्या घराला पिवळ्याकडे अगदी किंचित झुकणारा पांढरा किंवा उबदार, बदामी छटेचा ऑफ-व्हाइट शोभेल. मात्र लोण्यासारखा क्रीम नको. फरशी पिवळी, भिंत पिवळी आणि वर पिवळा दिवा, एवढं एका घराला झेपत नाही.

दिव्याचं आधी ठरवा. आधीच्या मालकाने हॉलमध्ये निळसर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आहेत. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो : ६५०० के म्हणजे तो निळसर उजेड, ३००० के म्हणजे पिवळा, ४००० के मधला. तुम्ही दोघं नोकरीवरून येणार अंधार पडल्यावर, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस तुम्ही भिंती बघणार त्या दिव्यातच. मी तुमच्या जागी असते तर हॉलमध्ये ४००० घेतला असता. आणि दिवे बदलल्याशिवाय रंगाची परीक्षा घेतली नसती.

दिवसाच्या उजेडाचंही बघ. तुझ्या बेडरूमची खिडकी उत्तरेला. तिथे ऊन थेट फारसं येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो, आणि समोरच्या इमारतीचा नारिंगी रंग दुपारी त्यात मिसळतो. हॉल पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी भिंती सोनेरी होणार. एकच रंग दोन खोल्यांत दोन रंगांचा दिसेल. त्याला घाबरू नको, पण आधी बघून घे.

बघायचं कसं, तर भिंतीवर ठिपके मारून नाही. जुन्या रंगाच्या शेजारी नवा ठिपका खोटंच सांगतो, पुन्हा तोच शेव्ह्रल. मोठी कार्डशीट आण, दोन किंवा तीन रंगांचे छोटे डबे घे, आणि कडेला पांढरी पट्टी न सोडता पूर्ण शीटवर दोन हात मार. वाळू दे, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. मग शीट फरशीला टेकवून उभी कर, चौकटीशेजारी धर, खोलीच्या कोपऱ्यात धर. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, रंग दाट होतो. सकाळी, चार वाजता आणि दिवे लागल्यावर बघ. ज्या शीटकडे तुझं लक्षच जात नाही, ती घे.

रंग हे या कामातलं सोपं प्रकरण. पैसे खरे जातात, किंवा वाया जातात, ते भिंतीत. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिच्यावर पोपडे आलेले मी मागे बघितले, खाली लोणाही फुटलेला आहे. तिथे आधी प्लंबर, मग रंगारी. रंगारी म्हणेल, “डॅम्पप्रूफचा एक हात मारू, काय होत नाही.” पाणी आत येत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात ते सगळं कवच सुटून खाली येतं. गळती बंद झाल्यावर भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेव. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे, थांबा.

बाकीच्या भिंतींवरून तळहात फिरव. पांढरी पूड हाताला लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय वर कितीही महाग रंग लावला तरी त्याची पकड त्या पुडीवरच. खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, घासकाम, प्रायमर : रंगाऱ्याचे बरेचसे दिवस यातच जातात आणि घाईत सगळ्यांत आधी हेच कापलं जातं. पण सगळीकडे दोन हात पुट्टी भरायची गरज नाही. जिथे पृष्ठभाग चांगला आहे तिथे नुसतं खोबणी-खड्डे भरून घासायला सांग. भिंत पूर्ण सपाट दिसली पाहिजे हा हट्ट सोडलास तर बरेच पैसे वाचतील. मॅट फिनिश घे, उंचसखलपणा झाकला जातो. चकाकी जितकी जास्त तितकी भिंतीची चूक ठळक.

स्वयंपाकघरात जुन्या ऑइलपेंटचा पट्टा आहे. तो कोरडा घासू देऊ नकोस. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय आहे ते वरून कळत नाही. पाणी मारून ओलं घासायला लाव, धूळ ओल्या फडक्याने पुसून घे, आणि ते दिवस तुमच्या छोटूला त्याच्या आजीकडे ठेव.

आता हिशेब. रंगारी कार्पेट एरियाच्या तीन ते साडेतीन पट रंगकाम धरतात, भिंती आणि छत मिळून. तुमचं घर ४२० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण १२६० ते १४७०. तो किती लावतो ते त्याच्याबरोबर टेप धरून मोज आणि खिडक्या-दारं वजा करणार की नाही ते आधीच कागदावर घे. बेताच्या किमतीचं इमल्शन चांगल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे सुमारे १०० चौरस फूट जातं, डब्यावरचा आकडा याहून उदार असतो. म्हणजे भिंतींना दहा लिटरची एक बादली आणि छताला चार लिटरचा पांढरा डबा. हे बसतं ते सगळ्या घराला एकच रंग दिलास तर. खोलीगणिक वेगळी शेड घेतलीस की चार डबे येतात, प्रत्येकात थोडा उरतो, आणि पुढे बटणाजवळचा डाग झाकायची वेळ आली की कुठलाच पुरत नाही.

डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने नीट पुसता येत नाही. छोटू हातात खडू धरायला लागला आहे, त्यामुळे हॉल आणि स्वयंपाकघरात इमल्शनच. छताला वाटल्यास डिस्टेंपर चालेल, तिथे कोण पुसतंय. सर्वांत महागड्या, ‘रॉयल’ थाटाच्या रंगाची मात्र गरज नाही. ते पैसे गळतीला ठेव.

सामान स्वतः आण, मजुरी वेगळी ठरव. मटेरियलसह दिलं की रंगात पाणी किती पडलं ते कळत नाही. पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, पहिल्या दिवशी तू शेजारी उभी राहा. काही कंपन्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन ठेवतात, म्हणून तो एखाद्याच ब्रँडचा आग्रह धरेल. आपल्याला हवा तो रंग घ्यावा आणि टोकन त्याचं त्याला द्यावं. ते त्याच्या हक्काचं आहे. जागेवर बाटलीतला स्टेनर टाकून “मॅडम, सेम करून देतो” म्हणाला तर नको म्हण. मशीनचाच रंग घे, तो पुन्हा तसाच मिळतो.

आता जावईबुवांचा हट्ट : ती सोफ्यामागची गडद करडी भिंत. नको म्हणत नाही, या वर्षी नको म्हणते. गडद रंगाचा बेस वेगळा, रंग महाग पडतो, आणि तो झाकायचा ठरला तर दुप्पट हात लागतात. आधी वर्षभर त्या घरात राहा. करडा हवाच असेल तर पडद्यात आणा, अभ्र्यांत आणा. आवडला नाही तर बदलायला रंगारी लागत नाही.

वेळेचं म्हणशील तर ताबा नवरात्रात मिळतोय म्हणून लगेच काम काढू नका. दसरा-दिवाळीला रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर भाव चढे, आणि पावसाची ओल भिंतींत अजून असते. भाड्याची जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत आहेच. मधल्या दिवसांत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन उरकून घ्या. नव्या वायरिंगसाठी भिंत फोडायची असेल तर पुट्टीच्या आधी. दिवाळीनंतर रंग सुरू करा. शेवटचा हात बटणांच्या पट्ट्या उतरवून द्यायला सांग, नाहीतर प्रत्येक पट्टीभोवती जुन्या रंगाची चौकट राहते. पैसे तीन टप्प्यांत दे : सुरुवातीला थोडे, प्रायमर झाल्यावर, आणि उरलेले दिवसाच्या उजेडात सगळ्या भिंती बघितल्यावर.

रंगाचं नाव, नंबर, बेस आणि तारीख मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेव. उरलेला रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर. कार्डशीट तयार झाल्या की कळव. फोटो पाठवू नकोस, मीच दोन दिवस येऊन बघते, छोटूलाही भेटणं होईल.

तुझी,
आत्या