शंख, क्षार आणि पुरातन पाऊसमान

विहीर खणतांना निघालेले शंख-शिंपले आपण मातीबरोबर टाकून देतों. परंतु पर्जन्यमापक येण्यापूर्वींचें पाऊसमान जाणण्याचीं तीं मोलाचीं साधनें होत. वऱ्हाडच्या शेतीशीं त्यांचा संबंध काय, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पाण्यांतील गोगलगाय आपलें कवच त्याच पाण्यांतील चुन्यापासून करते. पाणी आटूं लागलें म्हणजे प्राणवायूचे हलके परमाणु वाफेबरोबर अधिक जातात व जड परमाणु मागें राहतात. हें प्रमाण कवचांत उतरतें. म्हणून कवचाच्या तपासणीवरून तें डबकें भरलेलें होतें कीं आटत होतें, याचें अनुमान करतां येतें. नागपूर भागांत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें सांपडलेल्या शंखांचें वर्णन रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं १८६० सालीं प्रसिद्ध केलें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या दोन लोटांमधील काळांत येथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं, हें त्यांवरून ठरतें. मात्र एकट्या शंखावरून निर्णय करूं नये. पुरानें तो दुरून आलेला असूं शकतो.

शंखांप्रमाणेंच क्षारहि साक्ष देतात. लोणार सरोवराच्या गाळाचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पाणी फार आटल्यावरच बनणारे गेलुसाइट नांवाचे स्फटिक त्यांत मिळाले. त्यांवरून ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीं, असे दोन दीर्घ अवर्षणकाळ दिसून आले.

तिसरी साक्ष आपल्या शेतांतच आहे. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यांत खालच्या थरांत चुनखडीचे खडे आढळतात. हवा कोरडी झाली म्हणजे जमिनींतील चुना असा सांखळतो, चिकणमातीवरील कॅल्शियम कमी होतें व त्याची जागा सोडियम घेतें. मग माती फुगून पाणी मुरत नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील जमिनी अशा हवापालटानेंच बिघडत गेल्या, असें नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनीं २००१ सालीं मांडलें.

येथें कोणी विचारील, जमिनींत चुनखडी असतां जिप्सम कशास? उत्तर असें कीं, अशा जमिनींत चुनखडी जवळजवळ विरघळत नाहीं. जिप्सम विरघळून कॅल्शियम देतें. तरी तें अंदाजानें घालूं नये. निचऱ्याची सोय करावी, आणि विहिरीचें पाणी पिकास देण्यापूर्वीं माती व पाणी दोन्हीं तपासून घ्यावीं. विहीर खणतांना शंख किंवा खडे निघाल्यास त्यांची खोली लिहून ठेवावी. खोली ठाऊक नसलेला शंख अभ्यासास फारसा उपयोगी पडत नाहीं.