एकाच बाजूला वल्हं मारूनही होडी सरळ कशी जाते?

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी टीव्हीवर होड्यांच्या शर्यती पाहिल्या. काही खेळाडू बसून दोन्ही बाजूंना वल्हं मारत होते, तर काही एक गुडघा टेकून फक्त एकाच बाजूला. तरीही त्यांची होडी नाकासमोर सरळ जात होती. हे कसं जमतं? सातवीतली लेक तेव्हापासून विचारते आहे, की आपल्या प्रवरेत अशी शर्यत का होत नाही आणि तिला हा खेळ शिकता येईल का.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : तुम्ही पाहिल्या त्या दोन्ही शर्यती ‘कॅनो स्प्रिंट’ या एकाच खेळातल्या. बसून, दोन पात्यांच्या वल्ह्यानं चालवतात ती कयाक. गुडघा टेकून, एका पात्याच्या वल्ह्यानं चालवतात ती कॅनो. ‘के-1’, ‘सी-2’ असं पडद्यावर दिसतं त्यातलं अक्षर होडीचं आणि आकडा तिच्यातल्या माणसांचा. कयाकला मागे पाण्याखाली लहानसं सुकाणू असतं आणि खेळाडू ते पायांनी फिरवतो. शर्यतीच्या कॅनोला मात्र सुकाणू नसतं. तुमचा प्रश्न नेमका तिथंच येतो.

बैलजोडीतला उजवा बैल जास्त जोर लावू लागला की गाडी डावीकडे वळते. उजव्या बाजूला मारलेलं वल्हंही होडीचं तोंड असंच डावीकडे फिरवतं. हे वळण कमी करण्यासाठी खेळाडू वल्हं जवळजवळ उभं धरतो आणि होडीच्या अंगाला लागूनच खेचतो, कारण पातं होडीपासून जितकं दूर जाईल तितकी होडी जास्त फिरते. एवढं करूनही थोडं वळण उरतंच. म्हणून वल्हं कमरेजवळ आलं की तो मनगट वळवतो, पातं होडीला समांतर होतं आणि पाण्याला बाहेरच्या अंगाला एक छोटा रेटा बसतो. त्या रेट्यानं होडीचं मागचं टोक डावीकडे सरकतं, म्हणजे तोंड पुन्हा उजवीकडे येतं. मग वल्हं वर निघतं आणि पुढचा फटका सुरू होतो. मिनिटाला पन्नासहून अधिक फटके बसतात आणि प्रत्येक फटक्यात ही दुरुस्ती चालू असते.

पुन्हा शर्यत पाहाल तेव्हा पाण्यातल्या पात्यावर नजर ठेवू नका, फवाऱ्यात काही दिसत नाही. वल्ह्याच्या वरच्या मुठीवर जो हात असतो, त्याचा अंगठा पाहा. फटका संपता संपता तो खाली वळतो, आणि होडी सरळ ठेवण्याचं काम तेवढ्या क्षणात उरकतं. बहुतेक कॅनोपटू आयुष्यभर एकाच बाजूचे राहतात, उजवे तरी नाहीतर डावे तरी. त्यामुळे आडवा वारा सुटला की एका बाजूच्या खेळाडूंना तो सोसतो आणि दुसऱ्यांना छळतो. दोघांच्या कॅनोत एक उजवा आणि एक डावा घेतात. लय पुढच्यानं धरायची आणि दिशा मागच्यानं सांभाळायची.

आता प्रवरेबद्दल. ही शर्यत 200, 500 किंवा 1000 मीटरची असते. नऊ रांगा आखलेल्या असतात, प्रत्येक रांग 9 मीटर रुंद. आपली रांग सोडायची नाही आणि होडीचं टोक ज्याचं आधी रेषेवर जाईल तो जिंकला. निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो. त्यामुळे नऊही रांगांना पाणी सारखं खोल हवं आणि त्याला ओढ नको. प्रवरेचं तसं नाही. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते, एरवी वरच्या धरणांतून आवर्तन सुटेल तसं पाणी येतं. आवर्तन चालू असताना मधल्या धारेला ओढ आणि कडेला संथ, आवर्तन बंद झालं की जागोजागी डोह. एकाची होडी धारेत आणि दुसऱ्याची कडेला, अशा शर्यतीला काही अर्थ नाही. पॅरिसची स्पर्धाही सीन नदीत झाली नव्हती. ती शहराबाहेर, वेर-सुर-मार्नच्या बांधीव तलावावर झाली.

साचलेलं पाणी आपल्या खोऱ्यात आहे. 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदरा आहे, त्याच्या खाली निळवंडे आहे. पण खेळाडू घडायला रोज पहाटे काठावर उभा राहणारा प्रशिक्षक, योग्य होड्या आणि वर्षानुवर्षं न चुकणारा सराव लागतो. हे जिथं मिळतं तिथं दुष्काळी गावातला मुलगाही पाण्यावरचा खेळाडू होतो, याची मला पक्की खात्री आहे. तिचं कारण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही (आपलं तळेगाव दिघे नव्हे, पण पाण्याची ददात तीच) हे दत्तू भोकनळ यांचं गाव. घरचं काम विहिरी खोदण्याचं. 2012 साली ते लष्करात गेले आणि पुण्यात दापोडीच्या आर्मी रोइंग नोडमध्ये तयार झाले. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. त्यांचा खेळ रोइंगचा, म्हणजे थोडा वेगळा. त्यात वल्ही होडीला जखडलेली असतात, बैठक मागेपुढे सरकते आणि खेळाडू पाठमोरा पुढे जातो. कॅनो आणि कयाकमध्ये वल्हं मोकळं असतं आणि तोंड जायच्या दिशेलाच.

खुद्द कॅनोमध्ये आपली कमाई थोडी आहे. 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी सी-2 च्या 1000 मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. त्यानंतरचं पदक मिळायला 2023 उजाडावं लागलं. हांगझोऊमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच शर्यतीत कांस्य मिळवलं. मधली जवळजवळ तीस वर्षं रिकामी गेली. एवढे तलाव आणि नद्या असलेल्या देशात ही गोष्ट मला फार लागते.

लेकीला सांगा, की ती चांगल्या वेळी विचारते आहे. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना आधी फक्त कयाकच खुली होती, गुडघ्यावर बसून चालवायची कॅनो त्यांना टोकियोत पहिल्यांदा मिळाली. पॅरिसला पुरुषांच्या पाच आणि स्त्रियांच्याही पाच शर्यती झाल्या. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननं तिथं तीन सुवर्णपदकं जिंकली आणि तिची एकूण ऑलिम्पिक सुवर्णपदकं आठ झाली. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या प्राची यादवचं नाव तिला जरूर सांगा. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये पॅरा-कॅनोची अंतिम फेरी गाठून ती आठवी आली, आणि हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं. ही प्राची आधी जलतरणपटू होती.

तुम्हीही सुरुवात तिथूनच करा, मुलीला आधी पक्कं पोहायला शिकवा. एका माणसाची शर्यतीची कयाक 5.20 मीटरपर्यंत लांब, वजनाला 12 किलोंपासून पुढे आणि इतकी निमुळती असते, की नवशिका तिच्यात बसताच पाण्यात पडतो. पहिले काही आठवडे पडण्यातच जातात. पोहणाऱ्याला त्याची भीती वाटत नाही. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा बोट क्लब 1928 पासून मुळेच्या काठी आहे (ही पुण्याची मुळा, आपल्या पठारावरची नव्हे) आणि तिथले विद्यार्थी दरवर्षी ‘रिगाटा’ भरवतात. त्यात कयाकही असतात. जमलं तर तिला एकदा घेऊन जा, टीव्हीवर न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी काठावरून दिसतात. सातवी म्हणजे उशीरही झालेला नाही, दत्तू भोकनळांच्या हातात वल्हं आलं ते विशी ओलांडल्यावर. फक्त आवर्तन सुटलेलं असताना तिला ट्यूब घेऊन नदीत किंवा पाटात उतरू देऊ नका. पाटाच्या कडा गुळगुळीत असतात, आणि ओढीत सापडलेल्याला, पोहता येत असलं तरी, बाहेर यायला धरायला काही मिळत नाही.