तेलाच्या टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी

ऑइल इंजिन विकत घेतांना आपण अश्वशक्ति, तेलाचा खप व किंमत यांची चौकशी खोदून खोदून करतों. परंतु टाकींतील डिझेल इंजिनास पोंचविणारी जी चार-पांच हात नळी, तिचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता, आणि त्याचा दंड आम्हांस अर्ध्या एकर गव्हाच्या रूपानें भरावा लागला.

आमच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचें इंजिन आहे. त्याची मूळची टाकी लहान, म्हणून रात्रीं उठून ती भरावी लागे. हा त्रास चुकविण्यासाठीं आम्हीं खोलीच्या भिंतीवर फळी ठोकून मोठी टाकी बसविली आणि घरांत पडलेली तांब्याची नळी खिडकीच्या चौकटीवरून वळवून इंजिनास जोडली. त्या रात्रीं इंजिन दोन-अडीच तास उत्तम चाललें व बंद पडलें. टाकी पाहतों तों निम्मी भरलेली! ती पुन्हां भरली, हवा काढली, इंजिन सुरू केलें, पुन्हां तसेंच. कारागीर मिळण्यास कित्येक दिवस लागले, तोंवर चिकांत आलेला गहू चिमला. कारागिरानें इंजिनास हातही लावला नाहीं. खिडकीवरील बांकाकडे बोट दाखविलें.

टाकींतील तेलाची पातळी बांकाच्या वर असेपर्यंत तेल आपल्या भारानें वाहत होतें. पातळी खालीं गेल्यावर तें केवळ ओढीनें बांक चढूं लागलें. अशा ओढीच्या जागीं सांधा किंचित् सैल असला तर तेल बाहेर ठिबकत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते. म्हणून गळती दिसत नाहीं, हा सांधा घट्ट असल्याचा पुरावा मानूं नये. आम्हीं कचेरींत उभा जन्म पुरावे तपासले, पण हें सुचलें नाहीं!

एवढ्याशा बुडबुड्यानें इंजिन कां थांबावें? रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें तेव्हां तेल दाबाखालील हवेच्या झोतानें फवारलें जाई. पुढें १९२७ पासून बॉश कारखान्यानें इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. आतां पंपांतील बारीक दट्ट्याच तेल दाबतो. दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलोचा दाब मिळाल्याखेरीज सामान्यतः नोझल उघडत नाहीं. तेल दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, त्यामुळें हा दाब तत्काळ उत्पन्न होतो. हवा मात्र दबते आणि दट्ट्या मागें येतांच पुन्हां फुगते. दट्ट्या खालींवर होत राहतो, नोझल मिटलेलेंच!

यास्तव टाकीपासून फिल्टरपर्यंत व तेथून पंपापर्यंत नळी सारखी उतरती असावी. उंचवट्यावर हवा सांचते, झोळांत पाणी व गाळ. टाकीची तोटी तळापासून बोटभर वर ठेवून तळाशीं निचऱ्याचें निराळें बूच ठेवावें. पाणी डिझेलहून जड असल्यानें तें खालीं राहतें व अधूनमधून काढून टाकतां येतें. दट्ट्या व त्याचें घर यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी सूक्ष्म असते, तेथें गंजाचा कणही महाग पडतो. झांकणाचें छिद्र मात्र बुजवूं नये. हवा आंत न गेल्यास तेल बाहेर येत नाहीं.

जस्ताचा मुलामा दिलेला जी. आय. नळ पाण्यास उत्तम, पण डिझेलास वर्ज्य. जस्त व डिझेल यांच्या क्रियेनें उत्पन्न होणारे पदार्थ फिल्टर चोंदवितात. तांब्याच्या संगतीनें डिझेल लवकर बिघडतें, शिवाय तांबें हादऱ्यांनीं कडक होऊन चिरतें. पोलादी नळी घ्यावी. टाकी भिंतीवर स्थिर आणि इंजिन थरथरतें, म्हणून मध्यें वीतभर तुकडा तेलास टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा असावा व तो क्लिपनें आवळावा. सायकलची ट्यूब कापून लावणारे आम्हीं पाहिले आहेत. तेलानें ती फुगून मऊ पडते. पाण्याच्या नळास लावतात तसे सुतळी व शेंदूर सांध्यांस लावूं नयेत, त्यांचे कण पुढें जाऊन अडकतात. नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी.

जोडणीनंतर हवा टाकीकडून इंजिनाकडे अशा क्रमानेंच काढावी. कॉक उघडून प्रथम फिल्टरचा स्क्रू ढिला करावा. बुडबुडे थांबून निखळ तेल येऊं लागलें कीं आवळावा. नंतर पंपाचा. शेवटीं नोझलकडील नट ढिला करून हँडल सावकाश फिरवावें व तेल येतांच नट घट्ट करावा.

पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड नळीची गोष्ट निराळी. ती वांकवूं नये, डाग देऊन सांधूं नये, आणि इंजिन चालूं असतां तिची गळती बोटानें कदापि चांचपूं नये. शंका आल्यास दुरून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. तेथील केसाएवढी धार कातडी भेदून आंत शिरते. जखम सुईच्या टोंचीएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाहीं. परंतु उशीर झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. हळद लावून घरीं बसूं नये. तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यांत जावें आणि डिझेल दाबानें आंत गेलें आहे, असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.