शेवटून पहिल्या आलेल्या कॅडेटचं पुढे काय होतं?

प्रश्न : माझा भाचा खडकवासल्याला एनडीएत आहे. तीन वर्षांनी जो मुलगा यादीत सगळ्यात खाली असतो, त्यालाही अधिकारी करतात का? की तो जन्मभर मागेच राहतो?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : करतात. दीक्षान्त संचलनात राष्ट्रपतींचं सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदक कुणाला, हे जाहीर होतं. शेवटचा कोण, याची घोषणा कुणी करत नाही. खेतरपाल परेड ग्राउंडवरचं ‘अंतिम पग’ सुवर्णपदकवाल्यासारखंच तोही ओलांडतो.

शिवाय तिथला शेवटचा म्हणजे काठावर पास झालेला नव्हे. शारीरिक चाचणीत, पोहण्यात, अभ्यासात किंवा शिस्तीत कमी पडलेल्याला आधीच ‘रेलिगेट’ करतात, म्हणजे सहा महिने मागच्या कोर्सबरोबर बसवतात. काहींना घरीही पाठवतात. या चाळणीतून टिकलेल्यांतला तो शेवटचा. लिफ्टमध्ये दहावीचे टक्के विचारणाऱ्या शेजाऱ्यांना हे पटवणं कठीणच.

क्रमांकाला अर्थ नाही असं मात्र नाही. भूदलात जाणारे पुढचं वर्ष डेहराडूनच्या आयएमएत काढतात, आणि एकाच दिवशी कमिशन मिळालेल्यांत ज्येष्ठ कोण, हे तिथल्या गुणवत्ता यादीवरून ठरतं. आवडीची रेजिमेंट मिळायलाही क्रमांक उपयोगी पडतो. अर्थात जागा किती, हेही बघतात. त्यापुढे बढती वर्षांच्या हिशेबाने येते : 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मधल्या खात्याच्या परीक्षा तेवढ्या सुटायला हव्यात. कर्नलपासून निवड मंडळ बसतं आणि ते गोपनीय अहवाल, केलेले कोर्स, मिळालेली पदकं तपासतं. विशीत पोहण्यात किती गुण पडले होते, याची तेव्हा कोण चौकशी करणार?

अमेरिकेत वेस्ट पॉइंटला शेवटच्याचं चक्क कौतुक होतं. त्याला ‘गोट’, म्हणजे बोकड, म्हणतात आणि वर्गमित्र एकेक डॉलर काढून त्याला देतात. 1861 चा बोकड जॉर्ज कस्टर, 34 पैकी 34 वा. बेशिस्तीचे शेरे 700 च्या वर! यादवी युद्धात अधिकाऱ्यांची चणचण होती, म्हणून गडी 23 व्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला. पुढे 1876 साली लिटल बिगहॉर्नला 200 हून अधिक सैनिकांसह मारला गेला. 1846 चा शेवटचा, 59 पैकी 59 वा, जॉर्ज पिकेट. 1863 साली गेटिसबर्गला उघड्या मैदानातून झालेल्या आत्मघातकी चढाईला इतिहासात त्याचंच नाव चिकटलं.

एवढ्यावरून ढ मुलांना नावं ठेवायची घाई करू नका. त्या चढाईचा हुकूम सोडणारा रॉबर्ट ली वेस्ट पॉइंटहून 1829 साली दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडला होता, बेशिस्तीचा एकही शेरा नसताना.