दानाचें भांडवल

गतवर्षीं आमच्या वर्गांतील एक हुशार मुलगा दर आठवड्यास दोन-तीन दिवस गैरहजर राहूं लागला. चौकशी करितां कळलें कीं, त्याच्या आजीस मोतीबिंदूमुळें दिसेनासें झालें असून, आईबाप मजुरीस गेल्यावर तिचा हात धरण्यास घरीं दुसरें कोणी नव्हतें. "आजीबाई, तालुक्याच्या गांवीं शस्त्रक्रिया फुकट होते ना ?" असें आम्हीं विचारलें. त्यावर ती म्हणाली, "फुकट खरी, मास्तर, पण गाडीभाडें, दोन दिवसांची भाकर आणि माझ्यासंगें येणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार?"

या प्रश्नानें आम्हांस विचारांत पाडलें. उपचार फुकट असणें ही एक गोष्ट, आणि तो गरिबापर्यंत पोंचणें ही दुसरी. हें अंतर परोपकारानें कसें तोडावें, हाच आजच्या पाठाचा विषय होय.

याचें उत्तम उदाहरण तामिळनाडूंतील मदुराई शहरीं सांपडतें. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १९१८ सालीं त्या भागांतील एका खेड्यांत झाला. आपण प्रसूतितज्ज्ञ व्हावें अशी त्यांची इच्छा होती. पण तारुण्यांतच संधिवातानें त्यांच्या हातांचीं बोटें कायमचीं वाकडीं झालीं. तेव्हां ते नेत्रवैद्यकाकडे वळले, त्याच बोटांनीं शस्त्र धरण्यास शिकले आणि त्यांनीं आयुष्यांत एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर १९७६ सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, त्यांनीं भावाबहिणींसह अवघ्या ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलें. त्यासाठीं राहतें घर गहाण टाकावें लागलें व घरच्यांनीं आपले दागिनेहि दिले.

येथें अशी शंका येईल कीं, गरिबांस फुकट वागविणारा दवाखाना टिकावा कसा ? डॉक्टरांचा नियम साधा होता. ज्यास ऐपत आहे त्यानें पैसे द्यावे, ज्यास नाहीं त्यानें देऊं नयेत. ऐपतीचा दाखला कोणी मागावयाचा नाहीं. निवड रोग्यानेंच करावयाची. डॉक्टर दोघांसहि तेच. फरक मुख्यतः राहण्याच्या सोयींत. शिवाय शस्त्रवैद्याचा वेळ फुकट जाऊं नये म्हणून त्याच्याजवळ दोन टेबलें ठेवतात. एकावर काम चालू असतां, दुसऱ्यावर पुढील रोगी तयार असतो. ही तयारी खेड्यांतून निवडून शिकविलेल्या मुली करतात. अशा रीतीनें खर्च घटतो, आणि पैसे देणाऱ्यांकडून जें उरतें, तें न देणाऱ्यांच्या कामीं येतें.

तथापि आमच्या आजीबाईंची अडचण तेथेंहि होतीच. नुसत्या फुकट शस्त्रक्रियेस लोक येईनात. मग गांवोगांवीं शिबिरें भरूं लागलीं. स्थानिक मंडळें व दानशूर गृहस्थ शिबिराचा भार उचलूं लागले, आणि रोग्यांस मोटारीनें नेऊन, जेवूं घालून परत पोंचविण्याची व्यवस्था झाली.

दुसरी अडचण भिंगाची. मोतीबिंदूंत डोळ्यांतील नैसर्गिक भिंग गढूळ होतें. तें काढून कृत्रिम भिंग बसवावें लागतें. परदेशी भिंग इतकें महाग होतें कीं, गरिबास तें परवडत नसे. दानांत मिळालेलीं भिंगें कितीशीं पुरणार ? तेव्हां, परोपकारी संस्थांचें साहाय्य घेऊन, १९९२ सालीं मदुराईसच 'ऑरोलॅब' हा कारखाना निघाला. तेथील भिंग परदेशी भिंगाच्या किंमतीच्या अल्प अंशांत मिळूं लागलें. आज तीं भिंगें शंभराहून अधिक देशांत जातात.

यावरून दानाचे दोन प्रकार ध्यानांत येतील. एक घागरीसारखें, तहान भागते व घागर रिती होते. दुसरें विहीर खणण्यासारखें. एकदां खर्च केला कीं पाणी पुरत राहतें. या दुसऱ्यास हल्लीं सामाजिक गुंतवणूक म्हणतात. परंतु म्हणून घागरीस कोणी तुच्छ लेखूं नये. विहीर होईपर्यंत तहानेला मनुष्य थांबूं शकत नाहीं. तसेंच, मोतीबिंदू एका लहान शस्त्रक्रियेनें बरा होतो. जे रोग वर्षानुवर्षें पैसा खातात, त्यांस हीच रीत पुरी पडेल असें नाहीं. तेथें सरकारच्या खजिन्यानेंच भार उचलला पाहिजे.

आजीबाईंच्या गाडीभाड्याची व सोबत्याच्या मजुरीची सोय वर्गानें आपल्या खाऊच्या पैशांतून केली. रक्कम लहानच होती. पण त्या मुलाची हजेरी पुन्हां रोज लागूं लागली. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, आपल्या आळींत कोणी भिंत चांचपत चालतांना दिसल्यास, "तेथें फुकट होतें" एवढें सांगून थांबूं नये. तेथवर नेणार कोण, तेंहि विचारावें.