दुकानदार फोन करतो, तेव्हा पलीकडे काय दिसतं?

प्रश्न : माझी भाची टेक्सासमध्ये नोकरी करते. मध्यंतरी ती फार खचली होती. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हटलं, तर म्हणाली, “नको मामा, इथे त्याची नोंद होते, सरकारच्या यादीत नाव जातं.” तिला बंदूक घ्यायची नाही, पण त्या यादीची धास्ती आहे. तिकडे गोळीबार झाला की दर वेळी ‘हल्लेखोर मनोरुग्ण होता’ असं ऐकू येतं. मग बंदूक विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासतात म्हणे, ते नेमकं काय तपासतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी भाचीच्या धास्तीचं बोलू, कारण ती आजच मिटण्यासारखी आहे. तिला सांगा, खुशाल डॉक्टरकडे जा. नैराश्यावर औषध घेतलं, समुपदेशन घेतलं, अगदी स्वतःहून रुग्णालयात दाखल झाली, तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तिचं नाव त्या यादीत जात नाही. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये मानसिक आरोग्याच्या कारणावरून बंदी येते ती दोघांवर. एक, ज्याला न्यायालयाने किंवा तसा अधिकार असलेल्या मंडळाने मानसिक आजारामुळे धोकादायक किंवा स्वतःचा कारभार सांभाळण्यास असमर्थ ठरवलं आहे. दुसरा, ज्याला रीतसर आदेश काढून इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात भरती केलं आहे. नुसतं निरीक्षणासाठी ठेवून घेतलं तर तेही धरत नाहीत. इलिनॉयसारखी काही राज्यं याहून कडक आहेत, पण केंद्राचा नियम हा असा. शिवाय भाची एच-वन-बी व्हिसावर असेल, तर तिला बंदूक विकत घ्यायला मुळातच मनाई आहे. शिकारीचा परवाना असणाऱ्यांना वगैरे थोडे अपवाद आहेत, एवढंच.

आता दुकानात काय होतं ते पाहू. परवानाधारक दुकानदार गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घेतो. कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का, घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात न्यायालयाचा मनाई आदेश आहे का, अमली पदार्थ घेता का, मनोरुग्णालयात सक्तीने भरती केलं होतं का, असे प्रश्न त्यात असतात. हो-नाहीच्या चौकटीत खूण करायची आणि खाली सही. मग दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख कळवतो. तिचं मुख्य केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला आहे. (काही राज्यांत हे काम राज्याचीच यंत्रणा करते.) बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं : विका, थांबा किंवा विकू नका.

पलीकडच्या माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. त्याचा आवाज कापतो आहे का, तो गेले दोन महिने झोपला आहे का, घरच्यांना त्याची भीती वाटते आहे का, यातलं काही कळत नाही. दिसतात त्या फक्त नोंदी, आणि त्याही कुणीतरी पाठवल्या असतील तर. माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथेच आहे.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारलं. त्यात मुंबईहून तिथे शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून जाऊन तिथे अनेक वर्षं शिकवणारे एक प्राध्यापकही होते. या हल्लेखोराविषयी कुणालाच काही माहीत नव्हतं, असं नाही. डिसेंबर २००५ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायाधीशांनी तो मानसिक आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका असल्याचं लेखी नोंदवलं होतं आणि उपचार घेण्याचा आदेश दिला होता. मात्र तो आदेश बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा होता. केंद्राच्या कायद्याने एवढ्यावरही त्याला बंदी लागू होत होती. राज्याची पद्धत मात्र वेगळी : रुग्णालयात सक्तीने भरती झालेल्यांचीच नावं कळवायची, बाह्यरुग्णांची नाहीत. त्यामुळे २००७ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुलं घेतली, दोन्ही वेळा तपासणी झाली, आणि दोन्ही वेळा पलीकडून ‘विका’ हेच उत्तर आलं. दुकानदारांनी नियम मोडला नव्हता. न्यायाधीशांचा कागद होता, आणि तो जिथे पोचायला हवा होता तिथे पोचलाच नव्हता. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मग केंद्राने राज्यांना ‘नावं पाठवा’ असा हुकूम का सोडला नाही? तर तिथे तसा हुकूम चालत नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की केंद्राने आपला कायदा राबवण्याचं काम राज्यांच्या अधिकाऱ्यांवर लादायचं नाही. म्हणून जानेवारी २००८ मध्ये जो कायदा झाला, त्यात नोंदी पाठवणाऱ्या राज्यांना पैसे द्यायची तरतूद केली. त्यानंतर नोंदी पुष्कळ वाढल्या.

ही तपासणीची पद्धत आली ती १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळीबार झाला, तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागून ते कायमचे अपंग झाले. कायद्याला नाव त्यांचं. त्यात दोन मोठी भगदाडं आजही आहेत. तीन कामाच्या दिवसांत पलीकडून पक्कं उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक विकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याने पिस्तूल असंच मिळवलं होतं. दुसरं म्हणजे, परवानाधारक नसलेल्या माणसाने आपली बंदूक दुसऱ्याला विकली, तर केंद्राच्या कायद्याने तपासणी लागतच नाही. बऱ्याच राज्यांनी हे भगदाड बुजवलं आहे. टेक्सासने नाही. सँडी हूक शाळेत वीस चिमुरडी मुलं मारली गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, ते देशभर बुजवण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. बाजूने ५४, विरोधात ४६. साठ मतं लागत होती.

तुमच्या प्रश्नातली ‘हल्लेखोर मनोरुग्ण होता’ ही बातमी मला खरोखर छळते. गोळीबार झाला की बंदुकीवर बोलायचं टाळणारे नेते लगेच मानसिक आजाराकडे बोट दाखवतात. ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. त्यांचा अंदाज असा की उद्या गंभीर मानसिक आजारांचं नावनिशाण मिटलं, तरी समाजातला हिंसाचार जेमतेम चार टक्क्यांनी कमी होईल. दारू, आधी केलेली मारहाण, घरातली दहशत हे धोक्याचे जास्त खरे इशारे आहेत. स्किझोफ्रेनियाशी झगडणाऱ्या लाखो माणसांनी कधी कुणावर हात उगारलेला नसतो. त्यांच्या माथी खुनाचा संशय मारला की काय होतं? तुमची भाची डॉक्टरकडे जायला घाबरते, ते होतं.

म्हणूनच ओबामांच्या काळातल्या एका नियमाला अपंगांच्या संघटनांनी आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूने विरोध केला होता. मानसिक आजारामुळे सामाजिक सुरक्षेचं भत्ता-खातं ज्यांच्या वतीने दुसरं कुणी पाहतं, अशांची नावं यादीत घालायचा तो नियम होता. स्वतःचे पैसे सांभाळता येत नाहीत म्हणजे माणूस धोकादायक झाला, हे त्यांना मान्य नव्हतं. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये तो नियम रद्द केला. त्यांच्या बाकीच्या बंदूक-धोरणाशी माझं पटत नाही, पण या नियमावरचा अपंगांच्या संघटनांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

मानसिक आरोग्याचा आणि बंदुकीचा खरा, घट्ट संबंध आहे तो दुसरीकडे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. जीव नकोसा होण्याची लाट बहुतेकांच्या बाबतीत ओसरते. त्या वेळी हाताशी बंदूक नसेल, तर माणूस वाचण्याची, सावरण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. पण ती बंदूक अनेकदा वर्षांपूर्वी, अगदी ठणठणीत असताना, रीतसर तपासणी होऊन घरात आलेली असते. तपासणी खरेदीच्या दिवशी होते, त्यानंतर कुणी विचारायला येत नाही.

यावर उपाय म्हणून जे कायदे आले त्यांना ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात. पहिला १९९९ मध्ये कनेक्टिकटने केला. आज वीसहून जास्त राज्यांत तसे कायदे आहेत, टेक्सासमध्ये नाही. पोलीस, आणि बऱ्याच राज्यांत घरचे लोकही, न्यायालयाला सांगू शकतात की हा माणूस सध्या धोक्यात आहे किंवा धोकादायक आहे. न्यायाधीशांना पटलं तर बंदुका काही काळ काढून घेतात, मग सुनावणी होते, त्याला आपली बाजू मांडता येते. आजाराचं नाव काय, हा तिथे प्रश्नच नसतो. तो बोलतो काय आणि वागतो कसा ते पाहतात. मला हीच दिशा बरोबर वाटते. पण कायदा असून भागत नाही. मेन राज्यात याच धर्तीचा, जास्त किचकट कायदा होता. तिथला सैन्याचा एक राखीव जवान २०२३ च्या उन्हाळ्यात दोन आठवडे मनोरुग्णालयात होता. सोबतच्या जवानाने वरिष्ठांना कळवलं होतं की हा गोळीबार करेल. शेरिफचा माणूस दारापर्यंत जाऊन आला, दार उघडलं नाही, आणि गोष्ट तिथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये त्याने लुइस्टनला १८ माणसं मारली.

आपल्याकडे पाया वेगळा आहे. तिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क, आणि सरकारला तो नाकारायचा तर कारण दाखवावं लागतं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना मागणाऱ्यानेच गरज पटवून द्यायची. पोलीस चौकशी होते, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि निर्णय जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा. विकल मनाच्या माणसाला परवाना द्यायचा नाही, असं या कायद्यातही आहे. मात्र आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट सांगितलं आहे की केवळ मानसिक आजार आहे म्हणून कुणाला विकल मनाचा ठरवता येणार नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं.

भाचीला रात्री-अपरात्री फारच असह्य झालं, तर अमेरिकेत कुठूनही ९८८ हा क्रमांक लावता येतो. इथे तुम्हाला स्वतःला तिच्या काळजीने बोलावंसं वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.